मृगया, शिकार, पारध : कुलाब्याच्या किनाऱ्यावरील तिरकमठ्याच्या वर्णनांची चिकित्सा

१

वन्य पशूचा माग काढून त्यास मारण्याच्या क्रियेला मराठीत मुख्यतः तीन नावे आहेत : मृगया, शिकार आणि पारध. कोशांत ही नावे एकमेकांच्या अर्थादाखल दिलेली आढळतात, आणि वर्गातही आपण त्यांची गणना समानार्थी शब्दांत करून पुढे जातो. फार तर पहिला शब्द तत्सम, दुसरा फारसी आणि तिसरा तद्भव, एवढे सांगितले जाते. हे सांगणे खरे असले तरी पुरेसे नाही. क्रिया एकच असताना तिचे नाव बदलते, आणि ते बदलते ते शस्त्रावरून नव्हे, सावजावरूनही नव्हे, तर रान कोणाचे यावरून, असे प्रस्तुत लेखात दाखवावयाचे आहे. यापुढे जाऊन असेही म्हणावयाचे आहे की, या शब्दभेदामुळे किनारपट्टीवरील एका समाजाचे कौशल्य आपल्या लिखित वाङ्मयातून जवळजवळ निसटले, आणि आज ते शब्दरूपानेसुद्धा नोंदविणे अवघड होऊन बसले आहे.

विवेचनाचे क्षेत्र मर्यादित आहे. १९८१ पर्यंत कुलाबा या नावाने ओळखला जाणारा रायगड जिल्हा, त्यातही अलिबाग, मुरूड, रोहे या बाजूची किनाऱ्यालगतची राने. या रानांतील भेकर, पिसोरी, सांबर हे प्राणी. आणि तिरकमठा घेऊन त्यांच्या मागे जाणारा कातकरी, एवढाच येथील विषय. पाहावयाचे ग्रंथही थोडे आहेत : एक नाटक, एक गॅझेटियर, एक भाषिक पाहणी आणि तीन कायदे. ग्रंथांची ही जुळणी प्रथमदर्शनी विचित्र वाटेल. परंतु धनुष्य, हरीण आणि रान या तीन गोष्टी या सर्वांत, उक्त वा अनुक्त, उपस्थित आहेत. आणि त्या कशा उपस्थित आहेत याची तुलना करणे हाच या चिकित्सेचा मार्ग आहे.

२

प्रथम शब्दांकडे पाहू. ‘मृगया’ शब्दात मृग आहे. पण प्राचीन संस्कृतात मृग म्हणजे केवळ हरीण नव्हे, तर कोणताही रानपशू. हरीण हा त्याचा संकुचित अर्थ पुढे रूढ झाला. अमरकोशात या क्रियेसाठी आच्छोदन, मृगव्य, आखेट आणि मृगया असे चार शब्द एकत्र दिलेले आहेत. त्यांपैकी मराठीने प्रत्यक्ष वापरात ठेवला तो एकटा ‘मृगया’, आणि तोही राजाच्या संदर्भात. ‘राजा मृगयेस गेला’ हे वाक्य सहज वाटते. ‘कातकरी मृगयेस गेला’ हे वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष असूनही ऐकणाऱ्यास हसू येते. जेथे व्याकरण परवानगी देते आणि कान नाकारतो, तेथे शब्दाचा सामाजिक अर्थ सापडतो.

‘शिकार’ हा शब्द फारसीतून आला. दरबार, संस्थाने आणि पुढे साहेबलोक यांच्या बैठकीतून तो मराठीत स्थिरावला, आणि मचाण, हाका, बंदूक असा सरंजाम त्याच्याभोवती जमला. ‘शिकारी’ म्हटले की बंदूकवाला डोळ्यांपुढे येतो; हाका घालणारी माणसे त्या शब्दात येत नाहीत. रान उठविणारे, सावज हुसकणारे, जखमी जनावराच्या मागे काट्याकुट्यांत शिरणारे हेच असले, तरी त्यांना ‘हाकेकरी’ हे वेगळे नाव आहे.

‘पारध’ या शब्दाचा इतिहास सर्वांत बोलका आहे. प्राकृत ‘पारद्धि’ हे त्याचे पूर्वरूप. मागाहूनच्या संस्कृतात याच अर्थी ‘पापर्द्धि’ हा शब्द मिळतो, आणि त्याची फोड ‘पापाची ऋद्धि’ अशी होते. संस्कृत शब्द आधीचा, की प्राकृत शब्दालाच पंडितांनी हे संस्कृत वस्त्र नेसविले, हा प्रश्न व्युत्पत्तिशास्त्राचा आहे. पण वस्त्र निवडताना ‘पाप’ हाच शब्द हाती लागावा, यात एक नैतिक निवाडा स्पष्ट दिसतो. राजाच्या क्रियेला मृगापासून नाव मिळाले. लोकांच्या क्रियेला पापापासून. पुढे पारध करणाऱ्यास ‘पारधी’ हे जातिनाम लाभले, आणि गुन्हेगार जमातींच्या कायद्याच्या अंमलात फासेपारधी ही जमात जन्मतः गुन्हेगार ठरविली गेली. तो शिक्का १९५२ साली कागदावरून पुसला गेला. बोलण्यातून अद्याप पूर्ण गेला आहे असे म्हणवत नाही.

दोन साधे शब्दही लक्षात घेण्यासारखे आहेत. ‘सावज’ हा शब्द ‘श्वापद’ यापासून आला. श्वापद म्हणजे हिंस्र पशू. गुजरातीत सावज म्हणजे आजही सिंह. मराठीत मात्र सावज म्हणजे ज्याच्यावर नेम धरला आहे तो प्राणी. मारणाऱ्याचे नाव मरणाऱ्याला मिळाले. आणि ‘तिरकमठा’ या जोडशब्दात तीर फारसी, तर कमठा देशी परंपरेतला. संस्कृत कोशांत ‘कमठ’ याचा वेळू असाही एक अर्थ दिलेला आहे. म्हणजे ज्या शस्त्राला आपण निखळ आदिवासी समजतो, त्याच्या नावाचा अर्धा भाग दरबारचा आहे. शब्दांच्या जगात रान आणि दरबार यांच्यामध्ये कधीच कुंपण नव्हते. कुंपण घातले ते ग्रंथांनी.

३

१८८० साली पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्कर यांचे ‘संगीत शाकुंतल’ रंगभूमीवर आले. मराठी सुशिक्षितांच्या मनात धनुष्य आणि हरीण यांची जी जोडी पक्की बसली, ती बऱ्याच अंशी या नाटकाने. मूळ कालिदासाच्या पहिल्याच अंकात दुष्यंत रथातून हरणाचा पाठलाग करीत येतो, आणि हे आश्रमाचे हरीण आहे, मारू नये, असे सांगून तपस्वी त्यास थांबवितात. या प्रसंगाकडे आपण दयेचा प्रसंग म्हणून पाहतो. तो तसा आहेच. परंतु बारकाईने पाहिले तर तपस्व्यांचा निषेध क्रियेचा नाही, स्थळाचा आहे. हे हरीण आश्रमाचे आहे, म्हणून अवध्य. आश्रमाच्या सीमेबाहेर राजाची मृगया चालू राहण्यास कोणाचीच हरकत नाही. दुसऱ्या अंकात तर सेनापती तिचे गुण वर्णन करतो आणि विदूषक तिच्या त्रासाने कुरकुरतो. स्थळावरून कृत्याचे मोल ठरविण्याची रीत अशा प्रकारे आपल्या अभिजात वाङ्मयातच रुजलेली आहे.

या नाट्यप्रयोगानंतर तीनच वर्षांनी, १८८३ साली, जेम्स कॅम्बेल यांनी संपादित केलेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा कुलाबा व जंजिरा यांविषयीचा खंड प्रसिद्ध झाला. त्याच्या आधीच्या वर्षी ठाण्याचा खंड निघाला होता. कातकऱ्यांविषयीची पुष्कळशी माहिती पुढील लेखकांनी या दोन खंडांवरूनच उचलली. तेव्हा त्यांची रचना तपासणे अगत्याचे आहे.

गॅझेटियरची प्रकरणे ठरलेली असतात. दुसरे प्रकरण उत्पन्नाचे : खनिजे, झाडे, जंगले, पाळीव जनावरे, रानपशू, पक्षी, मासे. तिसरे प्रकरण लोकसंख्येचे : जाती, जमाती, त्यांची घरे, खाणे, पेहराव, देव, लग्ने, मर्तिके. परिणाम असा होतो की भेकर येते दुसऱ्या प्रकरणात आणि कातकरी येतो तिसऱ्यात. सावज आणि त्याच्या मागावर निघालेला माणूस यांची एका पानावर गाठ पडत नाही. भेकराच्या प्रकरणात त्याला जाणणारा माणूस नाही. कातकऱ्याच्या प्रकरणात तो काय खातो हे आहे, पण ते कसे मिळवितो याचा तपशील नाही. काताच्या धंद्यावरून पडलेले नाव, सोन आणि ढोर हे पोटभेद, रामाच्या वानरसेनेपासून आपली उत्पत्ती झाली ही समजूत, आणि चोरटेपणाची ख्याती, एवढे सर्व तेथे आहे. रानातील मृगयाकौशल्य मात्र उपजीविकेच्या व खाद्याच्या यादीत एक बाब होऊन राहते.

यादी हा वाङ्मयप्रकार निरुपद्रवी नसतो. यादीत क्रियापद नसते. ‘ससा, उंदीर, घोरपड, भेकर’ असे लिहिले की खाणारा माणूस पोटापुरता उरतो. त्याने माग कसा वाचला, वारा कोणीकडून आहे हे कसे ओळखले, किती अंतरावर थांबला, कोणत्या जनावरावर तीर सोडला नाही, या प्रश्नांना यादीत जागाच नाही. दुष्यंताला रथ, वेग, थकवा, मोह आणि संयम हे सर्व मिळाले. कातकऱ्याला मिळाला केवळ आहार.

याच १८८३ साली मुंबईत नॅचरल हिस्टरी सोसायटीची स्थापना झाली, आणि १८८६ पासून तिचे नियतकालिक निघू लागले. त्यात शिकारीची टिपणे विपुल आहेत. सालिम अली यांनी आपल्या १९८५ सालच्या आत्मचरित्राला एका चिमणीच्या पडण्यावरून नाव दिले. बालपणी छऱ्याच्या बंदुकीने मारलेल्या त्या पिवळ्या कंठाच्या चिमणीने त्यांना या सोसायटीच्या दारी नेले. पुढे १९३० साली अलिबागजवळच्या किहीम येथे त्यांनी सुगरण पक्ष्याच्या विणीचे जे निरीक्षण केले, ते पक्षिशास्त्रात मान्यता पावले. शिकारीतून निरीक्षण, निरीक्षणातून शास्त्र, ही वाट खरी आणि आदरणीय आहे. मात्र ती वाट लेखणीवरून जाते, हे ध्यानात घेतले पाहिजे. त्याच किनाऱ्यावर ज्यांच्या हाती लेखणी नव्हती, त्यांचे निरीक्षण शास्त्र झाले नाही. ते ‘सवय’ म्हणून नोंदविले गेले.

४

आता गॅझेटियरने जे लिहिले नाही त्याकडे वळू, आणि त्यासाठी सर्वांत अवघड हंगाम घेऊ : पावसाळा.

जूनच्या सातव्या-आठव्या तारखेच्या सुमारास सूर्य मृग नक्षत्रात प्रवेश करतो. ‘मृग लागला’ हे शेतकऱ्याच्या मुखी आनंदाचे वाक्य आहे. या नक्षत्राची मूळ कथा मात्र धनुष्याने हरीण मारल्याची आहे. ऐतरेय ब्राह्मणात प्रजापती मृगरूप घेतो, रुद्र त्याला बाण मारतो, आणि मृग, व्याध व तीन ताऱ्यांचा तो बाण आकाशात जाऊन बसतात. लोकमान्य टिळकांनी १८९३ च्या आपल्या ‘ओरायन’ ग्रंथात या कथेचा ज्योतिषदृष्ट्या ऊहापोह केला आहे. पावसाचा आरंभ ज्या नक्षत्राने होतो त्यालाच बाण लागलेल्या हरणाचे नाव असावे, आणि कातकऱ्याच्या वर्षातील उपासाचे दिवसही तेव्हाच सुरू व्हावेत, हा योगायोग असला तरी बोलका आहे.

उपासाचे, ते अशाकरिता की दिवाळीनंतर कोळशाच्या वा विटांच्या भट्ट्यांवर गेलेली कुटुंबे मृगाच्या तोंडावर वाडीवर परततात. घेतलेली उचल फिटलेली असतेच असे नाही. लावणीचे काम थोडे दिवस मिळते. ते संपले की भात कापणीला येईपर्यंत हाताला काम नाही आणि घरात दाणा नाही. या काळात रान आणि पाणी हीच कोठारे. पहिल्या पावसात चढणीला लागलेले वलगणीचे मासे, कातळावरची मुठी, करांदे आणि कडूकंद, आणि कधी जमले तर एखादे जनावर.

‘कधी जमले तर’ हे शब्द येथे महत्त्वाचे आहेत. पावसाळ्यात तिरकमठा हे दुर्बळ शस्त्र होते. दोरी ओलीने सैल पडते. रान दाट होऊन दृष्टी दहा पावलांवर अडते. पावसाच्या आवाजात पावलाचा आवाज लपतो, तसाच सावजाचाही लपतो. मऊ चिखलात खूर स्पष्ट उमटतो, पण एका मोठ्या सरीने माग धुऊन जातो. भेकर कळपाने राहत नाही; दाट झुडपांच्या कडेला एकटेच चरते, आणि संशय येताच कुत्र्यासारखे भुंकून साऱ्या रानाला सावध करते. पिसोरी तर जेमतेम फूटभर उंचीची, शिंगे नसलेली, रात्रीची हिंडणारी. बंदूक लांबून मारते. धनुष्याला जवळ जावे लागते. ते जवळ जाणे, म्हणजे वारा, माग, आवाज आणि वेळ यांचे एकत्रित ज्ञान, हीच या क्रियेतील विद्या. तीर सोडणे हा तिचा शेवटचा आणि सर्वांत लहान भाग.

विद्या असेल तेथे परिभाषा असतेच. मागाची ताजी-शिळी ओळख, जनावराच्या बसण्याच्या व पाणी पिण्याच्या जागा, वाटे घालण्याचे नियम, या प्रत्येकाला बोलीत शब्द असतात. मुरूडजवळच्या फणसाड अभयारण्याचेच उदाहरण पाहा. हे रान जंजिऱ्याच्या नवाबाचे शिकारीचे राखीव रान होते. १९४८ साली संस्थान विलीन झाले आणि १९८६ साली अभयारण्य जाहीर झाले. तेथील पाण्याच्या जागांना ‘गाण’ म्हणतात : फणसाडची गाण, चिखलगाण, धरण्याची गाण. पहिल्या नावावरून अभयारण्याचे नाव पडले. सरकारी फलकावर चढलेला ‘गाण’ हा शब्द रानात वावरणाऱ्यांच्या तोंडचा आहे. नवाबाने राखलेल्या आणि सरकारने जाहीर केलेल्या रानाला शेवटी नाव लाभले ते तेथे कसलाच हक्क नसलेल्यांच्या भाषेतून. असे किती शब्द फलकापर्यंत न पोचता विरून गेले असतील, याची कल्पना यावरून यावी.

५

शब्द गोळा करण्याचे काम ज्या ग्रंथाकडून अपेक्षावे तो म्हणजे ग्रिअर्सन यांची भारतीय भाषांची पाहणी. मराठीला वाहिलेला तिचा सातवा खंड १९०५ साली निघाला, आणि त्यात कातकरी बोलीला स्थान दिलेले आहे. ही गोष्ट मोलाची आहे. ज्यांची दखल कोणी घेतली नव्हती त्यांच्या वाणीला निदान बोली म्हणून मान्यता मिळाली. परंतु पाहणीची पद्धत विचारात घ्यावी लागते. सर्व बोलींची तुलना करता यावी म्हणून पाहणीने बायबलातील उधळ्या पुत्राचा दृष्टांत हा मजकूर समान नमुना म्हणून ठरविला होता. तुलनेच्या दृष्टीने ही योजना समर्थनीय आहे. विभक्तिप्रत्यय, सर्वनामे, क्रियापदांची रूपे यांची त्यातून चांगली ओळख होते.

पण दृष्टांतात काय आहे? वतन आहे, त्याची वाटणी आहे, चाकर आहेत, पोसलेले वासरू आहे, अंगठी आणि झगा आहे. ज्या समाजाच्या नावावर जमीन नाही, ज्याची वाडी बहुधा दुसऱ्याच्या मालकीच्या जागेवर उभी आहे, त्याच्याकडून वतनाच्या वाटणीची कथा वदवून घ्यावयाची आणि तीस त्याच्या बोलीचा नमुना म्हणावयाचे, ही विसंगती आहे. दृष्टांतात रान नाही, माग नाही, तीर नाही. साहजिकच त्या समाजाच्या भाषेचा सर्वांत समृद्ध भाग या नमुन्यात उतरण्याचा मार्गच बंद झाला. गॅझेटियरने कातकऱ्याला क्रियापदाविना दाखविले. पाहणीने त्याला क्रियापदे दिली, पण ती दुसऱ्याच्या कथेतली.

६

मग या विद्येची क्रियापदे लिखित स्वरूपात कोठे आढळतात? उत्तर चमत्कारिक आहे : कायद्यात. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाचे सव्विसावे कलम राखीव जंगलात नियमांविरुद्ध काय करू नये हे सांगताना शिकार करणे, गोळी घालणे, मासे मारणे, पाण्यात विष कालविणे, सापळे वा फास लावणे अशी एकेक क्रिया मोजते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमातील शिकारीची व्याख्या त्याहून व्यापक आहे : मारणे, पकडणे, विष घालणे, फासात वा सापळ्यात अडकविणे, इजा करणे, अंडी व घरटी यांना धक्का लावणे, आणि यांपैकी कशाचाही प्रयत्न करणे. मानवशास्त्रीय वर्णनात जी क्रियापदे नाहीत, ती निषेधाच्या ग्रंथात सविस्तर नांदतात. ज्याने ही विद्या वाखाणली नाही त्या राज्ययंत्रणेने ती बारकाईने ओळखली, पण गुन्हा म्हणून.

येथेही शब्दांची उतरंड सुटलेली नाही. १९७२ च्या अधिनियमात प्रारंभी परवाना घेऊन शिकार करण्याची तरतूद होती. ती १९९१ च्या दुरुस्तीने गेली. त्याच अधिनियमाचे पासष्टावे कलम निकोबार बेटांवरील अनुसूचित जमातींचे शिकारीचे हक्क अबाधित ठेवते. म्हणजे ‘शिकारीचा हक्क’ ही कल्पना आपल्या कायद्याला अपरिचित नाही. यानंतर २००६ चा वनहक्क अधिनियम पाहावा. त्याच्या तिसऱ्या कलमात पारंपरिक हक्कांची गणना केल्यावर उरलेल्या इतर रूढ हक्कांनाही मान्यता दिली आहे, परंतु ‘शिकार करण्याचा, फासात पकडण्याचा वा प्राण्याच्या शरीराचा भाग काढून घेण्याचा पारंपरिक हक्क’ वगळून. भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्याने या ‘वगळून’ शब्दापाशी थांबावे. जे नाही ते वगळता येत नाही. वगळणे या क्रियेत वगळलेल्या वस्तूचे अस्तित्व गृहीत आहे. ज्या हक्काची नोंद गॅझेटियरने हक्क म्हणून कधी केली नाही, त्याचे अस्तित्व कायद्याने कबूल केले ते त्यास नाकारण्याच्या वाक्यात.

या वगळण्यास प्रस्तुत लेखकाचा आक्षेप नाही, हे स्पष्ट केले पाहिजे. फणसाडसारखे पन्नासाहून थोड्या अधिक चौरस किलोमीटरांचे रान म्हणजे समुद्रात बेट. रस्ते, वसाहती आणि कारखाने यांनी वेढलेल्या किनाऱ्यावर भेकर टिकावयाचे असेल तर त्याच्यावर तीर सुटता कामा नये. भेकराच्या जगण्याला कातकऱ्याच्या विद्येइतकेच मोल आहे. आक्षेप आहे तो वेगळा : निषेध करण्यापूर्वी वर्णन व्हावयास हवे होते, ते झाले नाही, आणि निषेधालाच वर्णन समजण्याची सवय आपल्या अभ्यासाला लागली.

७

तुलनेसाठी एक परदेशी उदाहरण उपयोगी पडेल. अमेरिकेत पांढऱ्या शेपटीचे हरीण सार्वजनिक मालकीच्या रानात, परवाना घेऊन, नेमून दिलेल्या हंगामात धनुष्याने मारण्याची प्रथा आहे. बंदूक सहज मिळत असता धनुष्य घेणे हा तेथे स्वखुशीने पत्करलेला अडसर असतो. त्यामुळे जवळ जाण्याची विद्या हाच त्या छंदाचा मानबिंदू ठरतो. विसाव्या शतकाच्या प्रारंभी अतिशिकारीने घटलेली ही हरणे आज कोट्यवधी आहेत, आणि १९३७ च्या एका कायद्याने शस्त्रे व दारूगोळा यांवरील कराचे उत्पन्न वन्यजीवांच्या कार्यास लावून दिलेले आहे. तेथील परिस्थिती येथे आणता येणार नाही. संख्या, रान आणि इतिहास तिन्ही भिन्न आहेत.

तरीही वाङ्मयीन दृष्टीने एक फरक नजरेत भरतो. तेथील धनुर्धाऱ्याचा हंगाम वाईट गेला, दिवसचे दिवस सावज दिसले नाही, तर त्याची कथा होते. अपयशाच्या कथनात त्याचा धीर, त्याचे चुकलेले अंदाज, रानाविषयी त्याला आलेले शहाणपण हे सर्व व्यक्त होते. कातकऱ्याचा हंगाम वाईट गेला तर त्याची कथा होत नाही. तो उपासमारीचा एक आकडा होतो. दोघांचेही शस्त्र तेच, रानही सार्वजनिकच, निष्फळ दिवसही तसेच. एकाला अपयश सांगण्याचा अधिकार आहे. दुसऱ्याचे अपयश इतरांनी मोजावयाचे. कथन करण्याचा हा अधिकार मांसाच्या अधिकाराहून लहान नाही, आणि तो देण्यास कोणत्याही अभयारण्याची हानी होत नाही.

८

या चिकित्सेतून संशोधकापुढे एक व्यवहारी आणि नैतिक प्रश्न उभा राहतो, आणि लेखाचे खरे प्रयोजन तेच आहे. बोलीकोशासाठी शब्द गोळा करणारा विद्यार्थी वाडीवर जातो आणि फासाच्या गाठीचे नाव विचारतो. सांगणारा नाव सांगतो. त्या क्षणी तो केवळ शब्द देत नाही; कायद्याच्या दृष्टीने तो स्वतःविरुद्ध साक्ष देत असतो. आपल्या नोंदवहीत त्याचे नाव, वय, वाडी आणि तारीख असते, कारण आपली पद्धतच तशी. इतर शब्दांच्या बाबतीत जी काटेकोरता गुण ठरते, तीच येथे घातक ठरू शकते.

मौखिक परंपरेने यावर स्वतःच एक उपाय शोधलेला दिसतो, आणि तो व्याकरणात आहे. ‘त्याने भेकर मारले’ या वाक्यात कर्ता तृतीयेत येऊन ठळक उभा राहतो. रानातल्या बोलण्यात मात्र ‘जनावर पडले’ असे म्हणण्याची रीत आहे. क्रियापद अकर्मक, पाडणारा अदृश्य. यात विनय आहे, रानाचा धाक आहे, आणि सावधपणाही आहे. तसाच आधार रीतिभूतकाळाचा. ‘आम्ही फास लावला’ ही कबुली होय. ‘आमचे वडील फास लावीत’ हे ज्ञान होय. क्रियापदाच्या एका रूपाने घटनेची प्रथा होते. विद्यार्थ्याने हा आधार सांगणाऱ्याच्या हाती ठेवावा, आणि साध्या भूतकाळातील प्रश्न विचारून तो काढून घेऊ नये.

यावरून काही नियम सहज निघतात. शिकारीच्या शब्दांची नोंद वस्तूंच्या आणि प्रथेच्या द्वारे करावी, घटनेच्या द्वारे नव्हे. या विभागापुरती माणसाची, वाडीची व दिवसाची ओळख टिपणातच उतरू देऊ नये. छापताना गाळणे पुरेसे नाही. वृद्धांचे बोलणे आधी ऐकावे, कारण जवळ जाण्याची विद्या प्रत्यक्ष व्यवहारातून जात चालली आहे आणि तिची भाषा तिच्या पाठोपाठ जाणार आहे. प्राण्यांची नावे घेताना सावध असावे. ‘भेकर’ हे नाव कोठे भुंकणाऱ्या हरणास, तर कोठे चौशिंग्यास दिलेले आढळते, आणि पुस्तकावरून अर्थ लावणारा येथे हमखास फसतो. तयार झालेला शब्दसंग्रह ज्यांचा आहे त्यांना वाचून दाखवावा, आणि त्यांना नको असलेला शब्द त्यातून काढावा.

वाङ्मयाच्या अभ्यासकालाही यात काम आहे. गॅझेटियर, पाहणी, कायदा यांकडे आपण माहितीचे साठे म्हणून पाहतो; त्यांकडे रचना म्हणून पाहिले पाहिजे. कोणती वस्तू कोणत्या प्रकरणात घातली आहे, कोणाला क्रियापद मिळाले आणि कोणाला यादी, हे प्रश्न नाटक-कादंबरीइतकेच या ग्रंथांना लागू आहेत. कातकरी हा महाराष्ट्रातील तीन विशेष दुर्बल आदिवासी समाजांपैकी एक म्हणून आज शासकीय कागदांत ओळखला जातो. त्या नावातही दुर्बलता आहे, विद्या नाही.

मृगया, शिकार आणि पारध यांना यापुढे समानार्थी म्हणून शिकविणे योग्य होणार नाही. पहिल्या शब्दात राजाचे रान आहे, दुसऱ्यात नवाबाचे व साहेबाचे, आणि तिसऱ्यात ज्याचे रान नाही त्याचे पाप. चौथा शब्द, म्हणजे तिरकमठा घेऊन पावसात निघणारा माणूस स्वतःच्या क्रियेला ज्या नावाने ओळखतो तो, आपल्या कोशांत अजून यावयाचा आहे. तो मिळवावयाचा तर सांगणाऱ्यास आरोपी न करता मिळविला पाहिजे.